जुन्या जातीच्या बटाट्याचं बेणं कुठून आणू?

ताई, चार वर्षं वेटिंग लिस्टवर थांबल्यावर या सप्टेंबरात आम्हाला इथे इंग्लंडात लेस्टरमधे अर्धा अलॉटमेंट प्लॉट, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने देतात तो जमिनीचा तुकडा, मिळाला. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा फार प्रेमळ आहेत, त्यांनी पिशवीभर बटाटे दिले, आल्यासारखे वेडेवाकडे आणि गुलाबी सालीचे. नुसते उकडून मीठ-लोणी लावून खाल्ले आणि बटाट्याला स्वतःची अशी चव असते हे मला पहिल्यांदा कळलं. जात म्हणे पिंक फर ॲपल, खूप जुनी. तेव्हापासून मी रात्री जागून शेटलंड ब्लॅक, एड्झेल ब्लू असं काय काय वाचतेय, पण गार्डन सेंटरमधे नेहमीच्या पाच-सहा जातींपुढे काही मिळत नाही. ऑनलाइन एक जण स्वतःच्या बागेतले ‘रेअर हेरिटेज’ बटाटे स्वस्तात विकतोय. फ्रान्सच्या एका साईटवर जांभळा व्हिटेलॉट दिसला. आणि डिसेंबरमधे आम्ही गावी जातोय, माझं माहेर पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर पेठजवळ, बाबा म्हणाले दहा-बारा बेण्याचे बटाटे बॅगेत टाक, कोण बघतंय. आणू का? आणि सुपरमार्केटचे कोंब आलेले लावले तर? नक्की सुरुवात कुठून करू?
— लेस्टरची मैत्रीण

मैत्रिणी,

आधी बॅगेचा विषय संपवू, कारण तुझी तिकिटं काढून झाली असणार. नाही आणायचे. एकही नाही. भारतातून ब्रिटनमधे बटाटा आणायला कायद्यानेच बंदी आहे आणि हा उगाच केलेला नियम नाहीये. बटाट्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत येतात, बटाट्याच्या आतून जिवाणू आणि व्हायरस येतात, वरून बटाटा अगदी गुळगुळीत छान दिसत असतो. एकदा ते इथल्या जमिनीत शिरले की मग तुझ्या एकटीच्या प्लॉटपुरतं राहत नाही, त्या प्रेमळ आजोबांच्या वाफ्यात पण जाणार.

बाबांना वाईट वाटेल, ते मी समजू शकते. पण त्यांनाच एकदा विचार की यंदा बेणं कुठून आणलं. पेठ, कुरवंडी, सगळ्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो आणि त्याचं बेणं वर्षानुवर्षं पंजाबातून ट्रकने मंचरला येतंय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरचं बेणं नीट टिकत नाही, मावा नावाच्या रस शोषणाऱ्या किडीमुळे व्हायरस पसरतो, दोन-तीन वर्षांत पीक बसतं, म्हणून शेतकरी दरवर्षी नवीन बेणं घेतात. तेव्हा बाबा देतील तो बटाटा गावचा असेल पण पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं वाण असेल असं नाही. भारतातल्या जुन्या देशी जाती वेगळ्याच होत्या, फुलवा, गोला, दार्जिलिंग रेड राउंड वगैरे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने फुलवामधूनच निवड करून कुफरी सफेद आणली आणि दार्जिलिंग रेड राउंडमधून कुफरी रेड. बाबांना कुफरी लवकरबद्दल नक्की विचार, १९७२ ची जात, दख्खनच्या पठाराला मानवणारी, लवकर तयार होणारी म्हणून आपल्या मराठीतलाच ‘लवकर’ शब्द तिला नाव म्हणून दिलाय. त्यांच्या आठवणी लिहून आण, फोटो आण, बटाटे तिथेच राहू दे.

आता मुद्द्याचं. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस म्हणून बेणं हा शब्द तुला समजावून सांगायला नको, उसाचं कांडं लावतो किंवा हळदीचा गड्डा लावतो तसंच हे. आपण बटाट्याचं बी लावत नाही, त्याच झाडाचा तुकडा लावतो. पिंक फर ॲपलची नोंद १८५० पासूनची आहे, म्हणजे आजोबांनी तुला जो बटाटा दिला तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्याच एका झाडाचा तुकडा आहे, मधे कुणी ना कुणी दर वसंतात तो मातीत ठेवत आलं म्हणून तुझ्या ताटात पोचला. मला अजूनही हे आठवलं की अंगावर काटा येतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की त्या झाडाला वाटेत जे काही रोग झाले असतील तेही बेण्याबरोबर पुढे येतात, बी असतं तर बरेचसे गाळले गेले असते, इथे ती चाळणीच नाही. म्हणून जुन्या जातीच्या बाबतीत ‘ही जात कुणाकडे मिळेल’ याच्या आधी ‘हे बेणं किती स्वच्छ आहे’ हे विचारायचं. तुझ्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांना हाच एक प्रश्न लावून बघ, बरीचशी उत्तरं आपोआप मिळतील.

माझ्यावर काय आलं ते सांगते. प्लॉटचं दुसरं की तिसरं वर्ष, ओळखीतल्या एकांनी घरचं बेणं दिलं, अगदी मनापासून, तीस वर्षं हेच लावतोय म्हणाले. मी आनंदाने दोन ओळी लावल्या. जूनमधे शेजारची रोपं गुडघ्याएवढी झाली आणि ही वीतभर. खालची पानं कडेने वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झालेली, आणि बोटात धरून दाबली की पापडासारखी कडकड वाजायची, बटाट्याचं निरोगी पान कसं मऊ लोंबतं ना तसं मुळीच नाही. तो लीफरोल व्हायरस होता. मला ते ओळखता येत नव्हतं म्हणून मी खत घातलं, पाणी घातलं, वाट बघत बसले आणि तेवढ्या दिवसांत माव्याने तो रोग माझ्या चांगल्या ओळींमधे पण नेला. काढणीला गोट्यांएवढे बटाटे. त्या माणसाने काही लपवलं नव्हतं, त्यांची झाडं दरवर्षी थोडी थोडी लहान होत गेली आणि रोज बघणाऱ्याला ते जाणवलं नाही इतकंच.

म्हणून ऑनलाइनवाला तो माणूस सोडून दे. इथे बेणं म्हणून बटाटे विकायचे तर ते प्रमाणित लागतात, स्वतःच्या बागेतले पाकिटात भरून विकता येत नाहीत, जातीचं नाव कितीही दुर्मिळ असू दे. नावाला भुलून पैसे टाकण्याची तर या देशात जुनी गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या फाइफमधल्या ऑख्टरमुख्टी गावच्या आर्चिबाल्ड फिंडलेने खरंच उत्तम जाती दिल्या, अप-टू-डेट, ब्रिटिश क्वीन, मॅजेस्टिक, त्यातली अप-टू-डेट तर पुढे आपल्या सिमल्याच्या डोंगरात पण लावली जायची. पण त्याच्याच एल्डोराडो नावाच्या बटाट्यावर १९०३-०४ च्या सुमाराला असा सट्टा चालला की बेणं सोन्याच्या भावाने गेलं, आणि पीक अगदीच रडकं निघालं. तुझ्यासमोरच्या स्क्रीनवर ‘रेअर’ लिहिलेलं असलं की हे आठव.

फ्रान्सचंही नको. २०२१ च्या जूनअखेर युरोपातून इथे बेणं येणं बंद झालं, ब्रेक्झिटमुळे. साईट ऑर्डर घेईलही पण पार्सल मधेच अडकेल. आणि सुपरमार्केटचे बटाटे खायचे म्हणून पिकवलेले असतात, लागवडीसाठी कुणी तपासलेले नसतात, वर कोंब फुटू नयेत म्हणून बऱ्याचदा काहीतरी वापरलेलं असतं. एखाद्या कुंडीत मुलांना गंमत म्हणून लाव, हरकत नाही, पण अलॉटमेंटच्या जमिनीत नको. तिथे सूत्रकृमींच्या अंडी भरलेल्या गाठी गेल्या तर वीस-वीस वर्षं जिवंत राहतात, आणि जुन्या जातींमधे त्याला तोंड देण्याची ताकद नसते. ती ज्यांच्यात आली त्या सुरुवातीच्या जातींपैकी एक म्हणजे १९६६ ची मॅरिस पायपर, म्हणूनच तर तो बटाटा इतका पसरला.

मग घ्यायचं कुठून? स्कॉटलंडचं प्रमाणित बेणं विकणाऱ्या छोट्या खास दुकानांकडून. गार्डन सेंटर खपतं तेच ठेवणार, त्यांचा दोष नाही, पण फक्त बटाट्यांमधेच काम करणारे काही विक्रेते आहेत ज्यांच्या यादीत शंभराच्या आसपास जाती असतात आणि ते पोस्टाने पाठवतात. स्कॉटलंड का, तर तिथे थंडी आणि वारा, त्यामुळे मावा कमी, त्यामुळे व्हायरस कमी. तुझ्या बाबांना पंजाबचं बेणं का घ्यावं लागतं ते माहितीये ना, हिशोब तोच. एडिंबरोजवळ सासा म्हणून स्कॉटिश सरकारची संस्था आहे, ती जुन्या-नव्या जातींची व्हायरसमुक्त रोपं काचेच्या नळ्यांमधे सांभाळते. त्या इवल्या रोपांपासून जाळीच्या आत सुपारीएवढे बटाटे काढतात, ते शेतात जातात, मग काही वर्षं वाढवत वाढवत त्याचं बेणं होतं, उभ्या पिकात इन्स्पेक्टर फिरून रोगट झाडं मोजतात आणि त्याप्रमाणे दर्जा ठरतो. तू पिशवी घेतेस तेव्हा लेबलवर जातीचं नाव, दर्जाची अक्षरं आणि उत्पादकाचा नंबर असतो ते या सगळ्याचं फळ. ते लेबल नसलेली पिशवी घेऊ नकोस.

अगदी दुर्मिळ जातींचं एक वेगळं आहे. जी जात सरकारी यादीवर नाही तिचं बेणं विकताच येत नाही, म्हणून पुस्तकात दिसणारी प्रत्येक जात बाजारात असेल असं धरू नकोस, शोधून शोधून वैताग येईल. काही जाती संवर्धन-जात म्हणून, म्हणजे जुनं वाण टिकावं म्हणून, नोंदवून पुन्हा विक्रीला आल्यात. काही फक्त मिनिट्यूबर म्हणजे त्या सुपारीएवढ्या बटाट्यांच्या रूपात किंवा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत नळीत वाढवलेल्या छोट्या रोपांच्या रूपात येतात. त्या रोपांना आधी खिडकीत किंवा ग्रीनहाऊसमधे सांभाळावं लागतं, पाला गेला थंडीत दंव गोठून की संपलं, आणि पहिल्या वर्षी दोन्हींचं उत्पन्न थोडंच. पहिल्याच वर्षी त्यांच्या नादी लागू नको, पुढच्या वर्षी नक्की लाग. आणि डंडीजवळच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटमधला कॉमनवेल्थ बटाटा संग्रह तुझ्या वाचनात आला असेलच, १९३८-३९ च्या दक्षिण अमेरिकेतल्या मोहिमेपासून सुरू झालेला, तो संशोधनासाठी आहे, घरगुती बागेसाठी तिकडे ईमेल करून काही मिळायचं नाही.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो, पोटॅटो डे. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ठिकठिकाणच्या हॉलमधे भरतात, लांब लांब टेबलांवर क्रेटमधे जाती मांडलेल्या आणि तुम्ही नगावर घ्यायचे, दोन हे, पाच ते, काही पेन्सला एक. तुझ्यासारख्या नव्या माणसाला यासारखं दुसरं काही नाही, कारण पोस्टाने किलोभर मागवायचं म्हणजे एकाच जातीत अडकायला होतं. जाताना अंड्यांचे रिकामे खोके आणि मार्कर घेऊन जा आणि बटाटा क्रेटमधून उचलला की तिथल्या तिथे नाव लिही, घरी येऊन लिहू म्हणालीस तर एक लाल कुठला आणि दुसरा लाल कुठला ते कळणार नाही. मूळ गोणीचं लेबल बघायला माग, फोटो काढून ठेव, चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो. कोंबडीच्या अंड्याएवढे निवड, साधारण पस्तीस ते पंचावन्न मिलिमीटर, हाताला घट्ट लागणारे. मऊ, सुरकुतलेला किंवा लांब पांढरे कोंब फुटलेला परत ठेव. दहा वाजता उघडणार असेल तर पावणेदहाला रांगेत असायला हवं, दुपारपर्यंत जुन्या जातींचे क्रेट रिकामे होतात.

पोस्टाने मागवायचं असेल तर आत्ता, ऑक्टोबरातच. बेणं घरी येतं जानेवारीनंतर पण बुकिंग शरदातच सुरू होतं आणि शेटलंड ब्लॅकसारख्यांचं मुळात थोडंच असतं, ख्रिसमसपर्यंत ‘आउट ऑफ स्टॉक’ दिसायला लागतं.

कुठल्या घ्यायच्या ते तू विचारलं नाहीस तरी सांगते कारण पहिल्या वर्षी सगळे दहा-बारा जाती घेतात आणि मग कुठल्याच नीट बघणं होत नाही. तीन घे. एक रेड ड्यूक ऑफ यॉर्क, १८९१ च्या ड्यूक ऑफ यॉर्कमधे १९४२ ला सापडलेला लाल सालीचा भाऊ. हा लवकर येणारा, जून-जुलैत निघतो, म्हणजे करपा, पाला आणि बटाटे कुजवणारा तो रोग, यायच्या आत तुझं पीक घरात. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण जुन्या जातींपैकी बहुतेकींना करपा झेपत नाही, आयर्लंडमधे १८४५ ला लम्पर नावाच्या एकाच जातीवर सगळी गरिबी अवलंबून होती आणि या करप्याने केवढा दुष्काळ पडला ते तुला माहितीच आहे. दुसरा एड्झेल ब्लू किंवा शेटलंड ब्लॅक, जो मिळेल तो. शेटलंड ब्लॅकची साल काळपट जांभळी आणि कापलास की आत पिवळ्यात जांभळं कडं दिसतं, मुलं असतील तर त्यांना कापायला दे. एड्झेल ब्लू निळा, आतून पांढरा आणि इतका पिठूळ की पाण्यात उकडला तर फुटून विरघळतो, म्हणून वाफवायचा. बटाटेवड्याला मी तोच वापरते, सारण हलकं होतं, कोरडं राहतं, आवरण सुटत नाही.

आणि तिसरा तुझा पिंक फर ॲपल, तो तर हवाच. रश्श्यात अख्खा राहतो, काचऱ्या तर अशा होतात की विचारू नको, साल सोलायच्या फंदात पडू नकोस त्या गाठी-गाठींमधून. पण तो जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहतो, म्हणजे करप्याच्या तावडीत. जुलै-ऑगस्टमधे पानांवर तपकिरी डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली की मन घट्ट करून सगळा पाला जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर काढायचा आणि दोन-तीन आठवडे जमीन न उकरता थांबायचं, बटाटे वाचतात. आकार लहान राहील, चालेल.

प्रत्येकाची तीन मीटरची एक ओळ पुरे. लवकर येणाऱ्या रेड ड्यूकला फूटभर अंतर, म्हणजे दहा बटाटे, पिंक फर ॲपलला चाळीस सेंटिमीटर, म्हणजे सात-आठ. सरी-वरंबा, भर देणं हे तुला मी काय शिकवणार, तुझ्या बाबांना व्हिडिओ कॉल कर. फक्त एक इथलं वेगळं, बेणं आलं की खोकं लगेच उघडून अंड्यांच्या ट्रेमधे जास्त डोळे असलेली बाजू वर करून थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवायचं, मला गॅरेजची खिडकी सोयीची पडते. अंधारात ठेवलंस तर पांढरे लांब दोरे येतात आणि लावताना तुटतात. उजेडात जाड, आखूड, जांभळट कोंब येतात, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे. लावायचं मार्चअखेर ते एप्रिलमधे, इथले जुने लोक गुड फ्रायडे धरतात, पण दंवाचा अंदाज बघून.

आता आजोबांकडचं बेणं. ते देतीलच, आणि नाही म्हणायला तुला जड जाईल. त्यांना सरळ विचार की नवीन बेणं शेवटचं कधी विकत घेतलं होतं. गेल्या एक-दोन वर्षांत म्हणाले तर चार बटाटे आनंदाने घे आणि बाकीच्यांपासून लांब लाव. आठवत नाही म्हणाले तर यंदा थांब, जुलैत त्यांची रोपं जवळून बघ, पानं वळलीत का, ठिपकेदार पिवळी पडलीत का. आणि उलट तूच पोटॅटो डेवरून त्यांच्यासाठी दहा पिंक फर ॲपल आण ना, त्यांच्या वयाला तिथल्या रांगेत उभं राहणं होत नसेल कदाचित.

स्वतःचं बेणं राखायचं असेल तर जूनमधे, रोपं भरात असताना सगळ्यात धडधाकट तीन-चार रोपांशेजारी काठी रोवून ठेव आणि फक्त त्यांचंच राख. काढणीनंतर ढिगातून लहान लहान निवडून ठेवायची सवय सगळ्यांना असते, पण लहान बटाटे बरेचदा रोगट रोपांचेच असतात, पुढच्या वर्षी तू नेमके तेच लावशील. त्या काठीवाल्या रोपांचा पाला बाकीच्यांपेक्षा लवकर काप. असं दोन वर्षं चालतं, तिसऱ्या वर्षी नवीन प्रमाणित बेणं घ्यायचं, पीक कितीही छान आलेलं असलं तरी. आणि जागा बदलत राहा, एकाच वाफ्यात परत बटाटा यायला निदान चार वर्षं जाऊ देत, अर्ध्या प्लॉटचे चार भाग केलेस की जमतं.

आज-उद्यात यादी बघून रेड ड्यूक आणि शेटलंड ब्लॅक बुक करून टाक, पिंक फर ॲपल पोटॅटो डेला मिळतोच. फेब्रुवारीत ट्रेमधले कोंब कसे आलेत त्याचा फोटो मला पाठव, आणि बाबांना पण.

— तुझी ताई